कलिंगडाचा वेल एकाएकी मान टाकतो आणि शेजारी बीळ दिसते: आधी काय तपासायचे, मग काय करायचे

सलग तीन हंगाम माझ्या बागेत एकच गोष्ट घडत होती. वेल छान पसरायचा, पिवळी फुले यायची, एखादे फळ लिंबाएवढे व्हायचे आणि एका सकाळी तो वेल मान टाकून पडलेला दिसायचा. बुंध्यापासून वीतभर अंतरावर बीळ. मी ते बीळ दगड-मातीने ठासून बुजवायचे. चार दिवसांनी शेजारचा वेल जायचा. पुन्हा बीळ, पुन्हा दगड.

तिसऱ्या वर्षी मेलेले चारही वेल फेकले नाहीत. मुळांसकट हळूच खणून काढले आणि बादलीतल्या पाण्यात बुचकळून धुतले. एकाचे सोटमूळ खरोखरच कुरतडलेले होते. दुसऱ्याचे मूळ शाबूत होते, पण त्याच्या खालून बोगदा गेला होता आणि मुळे त्या पोकळीत लोंबकळत वाळून गेली होती. तिसऱ्याच्या मुळांवर मण्यांसारख्या गाठी होत्या. चौथ्याचा बुंधा उभा चिरला तेव्हा आत तपकिरी रेघा दिसल्या. चार वेल चार वेगळ्या कारणांनी गेले होते आणि मी चारही वेळा आळ घुशीवर घातला होता. उरलेल्या वेलांसाठी जे करायला हवे होते ते म्हणूनच कधी झाले नाही.

त्यामुळे पहिली विनंती हीच, की मेलेला वेल उपटून कचऱ्यात टाकू नका. मुळे धुऊन बघा. दहा मिनिटांचे काम आहे आणि पुढचा सगळा उपाय त्यावर ठरतो.

बीळ कुणाचे?

बिळाचे तोंड मुठीएवढे असेल आणि शेजारी उकरलेल्या ताज्या मातीचा ढीग असेल, तर बहुतेक घूस. घूस पुष्कळदा आतून सैल माती सारून तोंड बंद करून घेते. त्यामुळे नुसता मातीचा ढिगारा दिसतो, भोक दिसतच नाही आणि आपल्याला वाटते की बीळ जुने आहे. अंगठ्याएवढे भोक, आजूबाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या काळ्या लेंड्या, मातीचा ढीग नाही, असे असेल तर लहान उंदीर. घुशीची किंवा मोठ्या उंदराची लेंडी बोटाच्या पेराच्या जवळपास जाते.

चिचुंद्रीला विनाकारण शिक्षा होते, म्हणून तिच्याबद्दल थोडे जास्त लिहिते. लांब निमुळते नाक, बारीक डोळे, अंगाला उग्र वास. ती किडे, अळ्या, गांडुळे खाते. कलिंगडाची मुळे हे तिचे खाणे नाही. दुसऱ्याच्या सोडलेल्या बिळात ती सर्रास राहते, म्हणून बिळाजवळ दिसते आणि उंदीर समजून मारली जाते. ती वारंवार येत असेल तर तुमच्या मातीत अळ्या पुष्कळ आहेत, एवढाच अर्थ घ्या आणि त्या अळ्यांचा शोध घ्या.

पेन्सिल जाईल एवढे गोल भोक आणि त्याभोवती बारीक मातीची कड असेल तर हात लावू नका. एकेकट्या राहणाऱ्या कितीतरी मधमाश्या अशा बिळांत अंडी घालतात, आणि कलिंगडाला फळ धरायचे तर माश्या लागतातच. मातीची बारीक बारीक वेटोळी दिसली तर ती गांडुळांची विष्ठा. पावसानंतर किंवा भरपूर पाणी दिल्यावर जमिनीला बोटभर रुंदीचे नागमोडी उंचवटे आले असतील, तर रातकिड्याच्या जातीचा एक किडा असतो, पुढचे पाय फावड्यासारखे, तो मातीच्या वरच्या थरातून बोगदे करत जातो आणि वाटेतली कोवळी मुळे तोडतो. मोठ्या वेलाला तो फारसे काही करत नाही, नुकत्याच उगवलेल्या रोपाला मात्र करतो.

बीळ वापरात आहे की नाही हे कळायला एक साधी परीक्षा पुरते. संध्याकाळी ओल्या कागदाचा बोळा तोंडात हलकेच बसवायचा, वर चिमूटभर भुसभुशीत माती. सकाळी बोळा बाहेर फेकलेला असेल तर आत कुणीतरी आहे. लागोपाठ दोन रात्री बोळा जागेवर राहिला तर बीळ रिकामे समजायला हरकत नाही. सगळी तोंडे एकाच संध्याकाळी बंद करा, कारण घुशीच्या बिळाला एकच दार कधी नसते. आणि बिळात हात घालू नका. रिकाम्या बिळांत साप येऊन राहतात.

बोगदा आहे की नाही हे पाण्यावरूनही कळते. बुंध्याशी बादलीभर पाणी ओतले आणि डबके न होता ते घोट घेतल्यासारखे नाहीसे झाले, वर दोन हात लांब कुठेतरी ओल फुटली, तर खाली पोकळी आहे. ठिबकवर वाढवणाऱ्यांनी हे मुद्दाम करून बघावे. ठिबकचे पाणी वेलाला मिळते आहे असे आपल्याला वाटत राहते आणि ते थेंबाथेंबाने बोगद्यात जात असते. मुळे कुरतडल्याने जेवढे वेल जातात, त्याहून जास्त मुळांखाली हवा राहिल्याने जातात, असे माझे तीन वर्षांचे निरीक्षण आहे. कलिंगडाची बरीचशी मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच पसरतात, आणि घुशीचे बोगदे नेमके त्याच थरातून जातात.

खालून पोखरलेला वेल वाचवायचा असेल तर

वेळ महत्त्वाची आहे. दुपारच्या उन्हात पाने लुळी पडली आणि संध्याकाळी पुन्हा ताठ झाली, तर घाबरू नका. मोठ्या पानांचे सगळेच वेल कडक उन्हात असे करतात. सूर्य मावळल्यावरही पाने उभी राहिली नाहीत, किंवा सकाळी सातलाच मान खाली असेल, तर त्याच दिवशी हालचाल करा.

बांबूची काठी किंवा जाड सळई घेऊन बुंध्यापासून फूटभर अंतरावर गोलाकार टोचत जा. जिथे ती एकदम आत जाते तिथे बोगदा. तो वरून उघडा, पण मुळांच्या बाजूने नाही, बाहेरच्या बाजूने. मग चाळलेली ओलसर माती आणि थोडे कुजलेले शेणखत मिसळून मूठमूठ आत सरकवा आणि काठीच्या बोथट टोकाने हलके दाबत जा. कोरडी माती टाकू नका, ती पाण्याबरोबर खाली बसते आणि पुन्हा पोकळी होते. दगड तर मुळीच नकोत. मी घातलेल्या दगडांमुळे माती मुळांना कधी चिकटलीच नाही, हे वेल खणल्यावर समजले. भरून झाले की तांब्याने सावकाश पाणी द्या, माती खाली बसेल तेवढी पुन्हा भरा, पुन्हा पाणी. तीन-चार वेळा असे केले की ओल वर टिकायला लागते.

त्यानंतर दोन-तीन दिवस वेलावर दुपारची सावली धरा, एखादे जुने सुती कापड चार काठ्यांवर पुरते. वेलावर दोन-तीन फळे असतील तर एकच ठेवून बाकीची खुडा. जिवावर येते, मला माहीत आहे. पण अर्ध्या मुळांवर उभा असलेला वेल तीन फळे पोसू शकत नाही, आणि तीनही ठेवण्याच्या हट्टात वेलच जातो. या काळात रासायनिक खत देऊ नका. जखमी मुळांना खताचे तीव्र पाणी सोसत नाही.

पुन्हा येऊ नये म्हणून

घूस वाफ्यात येते ती बहुतेक कलिंगडासाठी नाही. तिला मऊ ओलसर माती आणि डोक्यावर आडोसा हवा असतो. आपण वाफा भुसभुशीत करतो, रोज पाणी देतो, वर गवताचे जाड आच्छादन घालतो, त्यावर वेलाची पाने पसरतात. घर बांधायला यापेक्षा चांगली जागा तिला मिळणार नाही. म्हणून आच्छादन काढून टाका असे मी म्हणणार नाही, त्याने ओल टिकते आणि फळ मातीला टेकत नाही. पण बुंध्याभोवती वीतभर जागा उघडी ठेवा आणि बाकीचा थर दोन-तीन बोटांपेक्षा जाड करू नका. वाफ्याच्या कडेने दोन हात रुंदीचा पट्टा पूर्ण मोकळा ठेवा, तिथे गवत, विटांचा ढीग, रिकाम्या कुंड्या, लाकडे काही नको. उंदीर-घुशींना उघड्यावरून जायला भीती वाटते. माझ्या वाफ्याला लागून जुन्या फरशांचा ढीग होता. तो हलवला तेव्हा खाली तीन बिळांची तोंडे निघाली.

कायमचा उपाय एकच आहे, जाळी. जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डेड जाळी घ्या, भोक १२ मिलिमीटरपेक्षा मोठे नको. लहान उंदरांचाही त्रास असेल तर ६ मिलिमीटरची. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी चालत नाही, तिची भोके मोठी आणि तार पातळ असते. पहिल्या वर्षी मी तीच लावली आणि ती वाकवून आत शिरल्याच्या खुणा दोन आठवड्यांत दिसल्या.

जाळी लावायची पद्धत जागेवर ठरते. वाफा उंचावर, विटांच्या किंवा फळ्यांच्या चौकटीत असेल तर माती भरण्याआधी तळाला जाळी अंथरा आणि कडा चौकटीला पक्क्या ठोका. एवढ्याने काम होते. जमिनीवरच्या वाफ्याला चारही बाजूंनी चर खणून जाळी उभी पुरावी लागते, जमिनीखाली निदान ४५ सेंटिमीटर, आणि तळाशी २० ते ३० सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला आडवी वळवायची. खणत आलेला प्राणी उभ्या जाळीला लागला की तिच्या पायथ्याशी खणतो आणि तिथे आडवी जाळी त्याला अडवते. वळण आत घातले तर त्याचा काही उपयोग नाही. एवढी मेहनत शक्य नसेल तर प्रत्येक आळ्यापुरती जाळीची टोपली करा, फूट-दीड फूट रुंद आणि तेवढीच खोल, आणि त्यात माती भरून रोप लावा. बारीक मुळे भोकांतून बाहेर जातात, बुंधा आणि सोटमुळाचा वरचा भाग सुरक्षित राहतो. मी हीच पद्धत वापरते. उंदीर वर चढून येऊ शकतो, त्यामुळे जाळीने फळे वाचतील असे समजू नका, ती फक्त खालून येणारी वाट बंद करते.

जे आधीच आत आहेत त्यांच्यासाठी सापळा. सापळा लावला आणि काहीच सापडत नाही, ही तक्रार फार ऐकू येते. उंदीर-घुशी नव्या वस्तूला बिचकतात, ओळखीच्या वाटेवर अचानक काही आले तर काही दिवस त्याच्या बाजूनेच फिरत नाहीत. म्हणून पहिले तीन-चार दिवस सापळा न ओढता तिथे ठेवा, त्यावर शेंगदाणे ठेवत जा. दाणे रोज संपायला लागले की मग तो ओढून लावा. जागा उघड्यावर नको. भिंतीच्या किंवा चौकटीच्या कडेला, जिथे मातीवर गुळगुळीत वाट पडलेली दिसते तिथे ठेवा. खटक्याचा सापळा असेल तर आमिषाचे टोक भिंतीकडे करा आणि वर फळीचा खोका उपडा घाला, दोन्ही बाजूंनी उंदरापुरती वाट ठेवून, म्हणजे पक्षी आणि मांजरी अडकणार नाहीत. एक लावून भागत नाही. उंदरांची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, त्यामुळे आठवड्याला एक पकडून संख्या कमी होत नाही. एकाच आठवड्यात जास्त सापळे लावून मोहीम संपवावी.

सापळा, लेंड्या, मेलेला प्राणी हाताळताना हातमोजे घाला, आणि ओल्या वाफ्यात अनवाणी फिरू नका. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, मातीतून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो जिवाणू त्वचेवरच्या छोट्याशा जखमेतूनही शरीरात शिरतो. कुरतडलेल्या फळाचा चांगला दिसणारा भागही कापून खाऊ नये. पूर्ण फळ टाकून द्यावे.

हे करू नका

विषारी गोळ्या आणि विषारी आमिष घरच्या बागेत नको, हे माझे ठाम मत आहे. झिंक फॉस्फाइड पोटात गेले की त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो, आणि मुले, कुत्री, मांजरी यांना त्याचा धोका तेवढाच आहे. रक्त पातळ करणाऱ्या विषाने उंदीर लगेच मरत नाही, तो काही दिवस मंदावून फिरतो. त्याला खाणारे गव्हाणी घुबड किंवा मांजर त्या विषाने मरते. जे प्राणी फुकट आणि रोज रात्री तुमचे काम करत होते, ते आपणच घालवतो.

बिळात पाणी सोडण्याचाही मोह होतो. घुशीचे राहण्याचे कोनाडे वर असतात, दुसरे दार असते, ती निसटते. आणि वेलाची मुळे दोन दिवस चिखलात राहतात. मुळे कुजून गेलेला वेल मग घुशीनेच मारला असे आपण म्हणतो. डांबरगोळ्या मातीत पुरू नका, त्यातले रसायन खाण्याच्या पिकाच्या मातीत जायला नको. तिखट, लसूण, आवाजाची यंत्रे या सगळ्यांचा परिणाम असला तरी चार दिवसांचा. त्यांना सवय होते.

बीळ नाही, तरी वेल जातो

रोप लहान असताना सकाळी जमिनीलगत कात्रीने कापल्यासारखे आडवे पडलेले दिसले तर रोपे कुरतडणारी अळी. ती रात्री काम करते आणि दिवसा त्याच रोपाच्या आसपास, मातीच्या एक-दोन इंचांत गोल वळून बसलेली असते. बोटाने माती उकरली की सापडते. पुठ्ठ्याची नळी करून प्रत्येक रोपाभोवती बसवा, दोन बोटे मातीत आणि चार बोटे वर. बुंधा जाड झाला की नळीची गरज संपते.

रोप कापलेले नाही, पण वाढ खुंटली, पाने पिवळी, आणि हलक्या हाताने ओढल्यावर सहज वर आले, तर मुळे खाल्ली गेली आहेत. माती उकरून बघा. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची जाड अळी म्हणजे हुमणी. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून ती वाफ्यात येते, म्हणून खत पूर्ण कुजलेलेच वापरा आणि भरताना हाताने चाळा. बारीक, लांबट, फिकट पिवळसर अळी असेल तर ती बहुतेक लाल भुंगेऱ्याची.

या लाल भुंगेऱ्यावर जरा थांबते, कारण त्याच्या दोन अवस्था दोन वेगळ्या ठिकाणी नुकसान करतात आणि आपण त्यांना दोन वेगळ्या किडी समजतो. वर उडणारा नारिंगी-लाल भुंगेरा कोवळ्या बीजदलांना आणि पहिल्या पानांना भोके पाडतो. हल्ला इतका जोराचा असतो की दोन पानांचे रोप एका दिवसात संपते. मादी बुंध्याजवळच्या ओलसर मातीत अंडी घालते. त्यातून निघालेली अळी मातीतच राहून मुळे आणि जमिनीलगतचे खोड पोखरते, आणि फळ मातीला टेकले असेल तर त्याच्या बुडातून आत शिरते. म्हणजे रोपावरचे भुंगेरे दुर्लक्षित केले तर दीड महिन्याने त्याची किंमत मुळांत आणि फळांत मोजावी लागते. उगवल्या दिवसापासून रोपांवर बारीक जाळीचे कापड घाला, कडा मातीत दाबून. पहिले मादी फूल दिसले की ते कापड काढायचेच, नाहीतर मधमाश्या आत येणार नाहीत. सकाळी दव असताना भुंगेरे सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्याच्या भांड्यात झटकून टाकता येतात.

मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे जंतासारखे जीव. त्याच हंगामात फार काही करता येत नाही. वेल मुळांसकट काढा, त्या मुळांचे खत करू नका. कडक उन्हाच्या महिन्यांत तो वाफा भरपूर भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून चार ते सहा आठवडे ठेवा. काळे नको, पारदर्शकच, कारण त्याखाली माती जास्त तापते. त्यानंतर एक हंगाम झेंडूची दाट लागवड केलेली चांगली.

वेलाची आधी एकच फांदी सुकते, मग दुसरी, आणि खोड चिरल्यावर आत तपकिरी रेघा दिसतात, तो मर रोग. फ्युजॅरियम नावाची बुरशी मातीत वर्षानुवर्षे टिकते. फवारणीने वेल वाचत नाही. त्या जागी पुढची पाच-सहा वर्षे तरी कलिंगड नको. जागा तेवढीच असेल तर नवी माती भरलेल्या मोठ्या पिशवीत लावा, किंवा दुधीच्या खुंटावर कलम केलेले रोप मिळाले तर ते लावा. जपानमध्ये १९२० च्या दशकात कलिंगडाची कलमे भोपळावर्गीय खुंटावर करायला सुरुवात झाली ती याच रोगावर उपाय म्हणून.

फळावरच्या खुणा

फळाला भोक पडले की पुन्हा संशय उंदरावर जातो. दातांच्या जोडीजोडीने ओरखडे, सालीचे तुकडे खाली पडलेले, आणि नुकसान रात्रीत झालेले असेल तर संशय बरोबर आहे. दिवसा झालेले, वरच्या बाजूला, निमुळत्या खळग्यासारखे भोक पक्ष्याचे. उंदीर बहुतेक जमिनीच्या बाजूने सुरुवात करतो. फळ मुठीएवढे झाले की १२ मिलिमीटरच्या त्याच जाळीचा पिंजरा करून फळावर घाला आणि खालूनही बंद करा, देठापुरती खाच ठेवून. फळाखाली कौल, फरशीचा तुकडा किंवा उपडी ठेवलेली ताटली सरकवा. मातीचा स्पर्श तुटला की भुंगेऱ्याची अळी, बूड कुजणे आणि वाळवी या तिन्ही गोष्टी कमी होतात.

फळाच्या फुलाकडच्या टोकाला तपकिरी, चामड्यासारखा, आत दबलेला डाग पडतो तो किडीचा नाही आणि संसर्गजन्यही नाही. त्या टोकापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही. माती कॅल्शियमने भरलेली असली तरी ते पाण्याबरोबरच वर चढते, म्हणून पाणी एक दिवस तुडुंब आणि चार दिवस कोरडे असे झाले की हा डाग येतो. बोगद्यामुळे मुळे लोंबकळत असलेल्या वेलावर तो हमखास दिसतो, त्यामुळे एकाच वेलाच्या फळांना असे डाग दिसले तर खालची माती सळईने टोचून बघा. अंड्यांची टरफले टाकून या हंगामात काही होत नाही, ती विरघळायला फार वेळ लागतो. पाणी सारखे करा.

गोटीएवढी फळे पिवळी पडून गळतात, त्यालाही कीड कारण नसते. बहुतेक वेळा परागीभवन झालेले नसते. मादी फुलाच्या मागे केसाळ इवलेसे फळ असते, नर फुलाला नुसता देठ. फूल एकच दिवस उमलते. माश्या कमी असतील तर सकाळी, ऊन चढायच्या आत, ताजे नर फूल तोडून पाकळ्या मागे दुमडा आणि मादी फुलाच्या मधल्या भागावर सगळीकडे फिरवा. सुरुवातीच्या आठवड्यात सगळी नर फुलेच येतात आणि गळतात, तेव्हा घाई करू नका.

फळावर सुई टोचल्यासारखी खूण, त्यातून डिंकासारखा थेंब, आणि फळ त्या बाजूने वाकडे, तर फळमाशी. आतल्या अळ्या फळ संपवून मातीत उतरतात आणि तिथे कोष करतात, म्हणून खाली पडलेले फळ एक दिवसही तसेच ठेवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. लिंबाएवढे झाले की फळाला कागदी किंवा विरळ कापडी पिशवी बांधा. कामगंध सापळा, म्हणजे नर माश्यांना वासाने ओढणारा सापळा, लावणार असाल तर क्यू ल्युर हे आमिष असलेला मागा. आंब्याच्या फळमाशीसाठी मिथाईल युजेनॉल वापरतात, त्याला कलिंगडाची फळमाशी येत नाही. सापळ्यात भराभर माश्या पडताना दिसतात आणि आपले फळ तरीही सडते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

पानांबद्दल थोडक्यात. पांढरी नागमोडी रेघ म्हणजे नागअळी, चार पानांवर असेल तर सोडून द्या. वरून पीठ भुरभुरल्यासारखे दिसले तर भुरी, जुनी पाने काढा आणि वेल मोकळा करा. गंधक मारायचे असेल तर हवा थंड असताना मारा, ३२ अंशांच्या वर ते या वेलांची पाने जाळते. शेंडे आखडून काळे पडत असतील तर फुलकिड्यांनी आणलेला विषाणू असण्याची शक्यता मोठी, तो वेल काढून टाकणेच बरे. कडुनिंबाचे तेल असो की दुसरे काही, फवारणी संध्याकाळी, फुले मिटल्यावर करा.

फळ उतरवायच्या दिवसांत

या काळात सर्वात जास्त चोरी होते, कारण फळाचा वास सुटतो. त्यातच पिकत आलेल्या फळाला एकदम भरपूर पाणी मिळाले की ते तडकते आणि रात्रीतून उंदीर, मुंग्या, माश्या सगळे येतात. शेवटच्या आठ-दहा दिवसांत पाणी कमी करत जा, एकाएकी बंद करू नका. पिकलेले फळ वेलावर ठेवण्यातही अर्थ नाही आणि कच्चे तोडण्यातही नाही, तोडल्यावर कलिंगड गोड होत नाही. फळाच्या देठाजवळची बाळी, म्हणजे स्प्रिंगसारखा लतातंतू, पूर्ण वाळला, जमिनीला टेकलेला पांढरा डाग लोण्यासारखा पिवळा झाला आणि सालीची चकाकी गेली, या तीनही खुणा जुळल्या की त्याच दिवशी उतरवा. टिचकीचा आवाज कच्च्याचा टणटण आणि पक्क्याचा बदबद हे खरे आहे, पण सवय झाल्याशिवाय फसवतो.

शेवटचे फळ उतरले की वेल वाळू देत आठवडे घालवू नका, त्याच्या आडोशाला नवे बिऱ्हाड येते. मी आता त्याच दिवशी वेल उपटते, प्रत्येकाची मुळे धुऊन बघते आणि कुठल्या आळ्यात काय सापडले ते वहीत लिहून ठेवते. गेल्या हंगामात सहा आळ्यांपैकी एकात गाठी निघाल्या, बाकी पाच स्वच्छ. त्या एका आळ्यावर सध्या प्लास्टिक ताणले आहे.